मीटर बदलल्यापासून गाडी जास्त किलोमीटर मोजते : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीत बदलून दिलेले मीटर माझ्या गाडीचे नसल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मोटारसायकलच्या मीटरमध्ये पाणी शिरून आकडे दिसेनासे झाले, म्हणून आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत नवे मीटर बसवून दिले. काम झटपट झाले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण त्या दिवसापासून गाडी वेग आणि किलोमीटर दोन्ही वाढवून दाखवते आहे. तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले : "सगळ्याच गाड्यांचं मीटर थोडं जास्त दाखवतं."

वेगापुरते ते मला मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, पण मंजुरीच्या चाचणीत खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर, एवढाच. टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते, तरी आकडा खऱ्याच्या खाली जाऊ नये म्हणून कंपन्या मुद्दाम थोडी वाढ ठेवतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून जीपीएसशी ताडून पाहिले, तर ताशी ८० ला जुने मीटर ८५ दाखवायचे. नवे ९२ दाखवते. म्हणजे नेमके मर्यादेच्या काठावर, आणि आपले सुपरवायझर त्याच काठावर बोट ठेवून मला परत पाठवतात.

पण ही वाढ वेगाच्या आकड्यात ठेवलेली असते. रनिंग मोजताना ती जुन्या मीटरमध्ये नव्हती, आणि माझी खरी तक्रार रनिंगचीच आहे.

शंका आली ती पेट्रोलच्या वहीमुळे. लिटरला ४६ च्या आसपास असणारे ॲव्हरेज मीटर बदलताच ५० झाले. इंजिनाला तर कोणी हातही लावला नव्हता. मग रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर ट्रिप (मीटरमधला शून्यापासून अंतर मोजणारा आकडा) लावून पाहिली. ५० किलोमीटरला ५४.२ भरले. त्याच दगडांची जुन्या मीटरची नोंद वहीत आहे, ५०.० अशी.

मेकॅनिकने टायरच्या झिजेवर खापर फोडले. टायर ३ मिलिमीटर झिजला तरी माझ्या चाकावर फरक जेमतेम एक टक्क्याचा पडतो, आठ टक्क्यांचा नाही. दुसऱ्याने स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात विचारले. मीटरला फेऱ्या मोजून देणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असता तर तो प्रश्न बरोबर होता. पुढचे स्प्रॉकेट १५ ऐवजी १४ दातांचे टाकले की आकडा सात टक्के वाढतो. पण माझ्या गाडीचा सेन्सर पुढच्या चाकावर आहे, आणि स्प्रॉकेट मूळचेच आहे.

शेवटी चाकच मोजले. हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे भरली, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची रेघ मारली, गाडीवर बसून पायांनी ढकलत चाकाच्या दहा फेऱ्या पूर्ण केल्या आणि पुन्हा रेघ मारली. दोन रेघांमधले अंतर १८.६ मीटर, म्हणजे एका फेरीला १.८६ मीटर. नवे मीटर ज्या हिशेबाने चालले आहे त्यात एक फेरी २.०२ मीटरची धरलेली दिसते.

हा फरक कुठून आला, तेही सांगते. माझे पुढचे टायर ११०/८०-१७ (रुंदी ११० मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रिम १७ इंची), म्हणजे व्यास सुमारे ६०८ मिलिमीटर. याच गाडीचा आपला दुसरा प्रकार ११०/८०-१९ वर येतो, त्याचा व्यास ६५९. भागाकार करून पाहा, १.०८४ येतो. ५० चे ५४.२ होतात ते याच पटीने. नव्या मीटरच्या खोक्याचा फोटो माझ्याकडे आहे. त्यावरचा पार्ट नंबर माझ्या गाडीच्या यादीतला नाही.

सर्व्हिस सेंटरने सुचवले की सेन्सर आणि मीटरच्या मध्ये सिग्नल कमी करणारे यंत्र स्वखर्चाने बसवून घ्यावे. पावणेआठ टक्के कमी केले की आकडे जुळतील हे खरे. पण त्याच सेन्सरवर माझे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालते. तिथल्या तारा कापून चुकीचा पार्ट झाकायला मी तयार नाही.

मीटरवर आतापर्यंत २,६०० किलोमीटर वाढले आहेत, प्रत्यक्षात गाडी २,४०० च्या आतबाहेर धावली. वॉरंटी किलोमीटरवर संपते, सर्व्हिस किलोमीटरवर येते, उद्या गाडी विकताना घेणारा हाच आकडा वाचणार. न धावलेले किलोमीटर माझ्या नावावर का लागावेत?

माझ्या गाडीच्या पार्ट नंबरचे मीटर बसवावे, किंवा आपल्या निदान यंत्रावरून या मीटरमधला चाकाचा घेर दुरुस्त करून द्यावा. जादा लागलेल्या किलोमीटरची नोंद सर्व्हिस बुकात सही-शिक्क्यासह करावी आणि वॉरंटी त्यानुसार मोजावी. काम झाल्यावर आपल्या मेकॅनिकने माझ्याबरोबर त्याच दगडांवरून ५० किलोमीटर यावे. ट्रिप ५० ला आली की मी तिथेच कागदावर सही करीन.

आपली,
गाडीची मालक

सोबत : पेट्रोलच्या वहीची पाने, खोक्याचा फोटो, ट्रिपचे फोटो