श्वास घेण्यापेक्षा सोडणे महत्त्वाचे

महोदय,

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, हात रिकामे, कर्जाचा हप्ता मात्र चालू; मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला सगळेच देतात, पण अर्धवट. खरा गुण श्वास सोडण्यात आहे. नाकाने ४ अंक मोजत घ्यावा, ६ अंक मोजत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. ५ मिनिटे पुरे. पोट फुगले पाहिजे, खांदे उचलता कामा नयेत. भराभर छाती भरून श्वास ओढले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून सोडून देतो.

दुपारी ३ नंतर चहा नको. कॅफिन कित्येक तास अंगात राहते. दारूने झोप लागते खरी, पण पहाटे मोडते, हे गजालीत कोणी सांगत नाही! उघडीप मिळाली की अर्धा तास चालावे. दोन आठवडे झोप-भूक हरपलेली असेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करावा. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

– एक वाचक, मालवण