नाणे नसलेल्या मुलखाकडून नाण्यातच कर: अलेक्झांडर हॅमिल्टन यांना खुले पत्र

प्रति,
अलेक्झांडर हॅमिल्टन,
अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री

विषय: पश्चिम पेनसिल्व्हेनियातील व्हिस्कीवरचा कर रोखीत भरण्याची सक्ती

महोदय,

आपण आज हयात नाही आणि ज्या कराबद्दल हे पत्र आहे तो १८०२ मध्येच रद्द झाला. तरीही हे पत्र आपल्याच नावे लिहीत आहे, कारण ज्या मुलखात रोकड फिरत नाही तिथला कर रोकडीतच का मागायचा, या प्रश्नाला उत्तर देणे आपल्याच अखत्यारीत होते आणि तेथील लोकांनी तो प्रश्न अर्ज करून, रीतसर विचारलाही होता.

कर बसवण्यामागचा आपला हेतू मला मान्य आहे. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडणे आवश्यक होते, १७९० मध्ये राज्यांची कर्जेही केंद्राने आपल्या अंगावर घेतली होती, आणि केवळ आयात जकातीवर हा सगळा भार टाकता येण्यासारखा नव्हता. माझी तक्रार कर किती होता याविषयी फारशी नाही. तो कशात मागितला याविषयी आहे.

ॲलेघेनी पर्वतापलीकडच्या वॉशिंग्टन, फेएट, वेस्टमोरलँड आणि ॲलेघेनी या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याची स्थिती पाहावी. फिलाडेल्फियाची बाजारपेठ डोंगर ओलांडून तीनशे मैलांवर होती. ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांवरून माल खाली न्यावा, तर स्पेनने १७८४ पासून मिसिसिपीचे मुख अमेरिकन व्यापाराला बंद केले होते, आणि ते १७९५ च्या तहापर्यंत मोकळे झाले नाही. त्या काळी नेहमी सांगितला जाणारा हिशेब असा होता की, एक घोडा राय या धान्याचे चार बुशेल वाहतो, पण त्याच धान्याची व्हिस्की केली तर चोवीस बुशेलांचा माल त्याच पाठीवर मावतो. म्हणून तिथे जवळपास प्रत्येक वस्तीत भट्टी होती. मजुरी, खंड, दुकानदाराची उधारी, एवढेच काय, पाद्र्याचे मानधनही व्हिस्कीत चुकते होई. ज्याला आपण चैनीची वस्तू समजून कर लावलात, ते त्या लोकांचे चलन होते. (ही वस्ती ज्या जमिनीवर झाली ती मुळात कोणाची होती, हा याहून मोठा प्रश्न आहे, तो मी विसरलेलो नाही, पण त्याची जागा या पत्रात नाही.)

आता नाण्यांकडे वळू. नव्या राज्यघटनेने राज्यांना कागदी चलन काढण्यास मनाई केली आणि सोन्याचांदीच्या नाण्यांखेरीज दुसरे काही कर्जफेडीसाठी सक्तीने चालवण्यासही मनाई केली. टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ ला झाला, म्हणजे आपल्या कराचा कायदा ३ मार्च १७९१ ला मंजूर झाल्यानंतर एक वर्षाहून अधिक काळाने. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून चांदीचे पहिले डॉलर १५ ऑक्टोबर १७९४ ला बाहेर पडले, आणि ते होते अवघे १,७५८. त्याच महिन्यात या कराविरुद्ध उठलेल्या लोकांवर (यालाच व्हिस्की बंड म्हणतात) जवळपास १३,००० सैनिक पश्चिमेकडे कूच करत होते. पिट्सबर्गमध्ये बँकेची पहिली शाखा उघडली ती १८०४ मध्ये. जुने कागदी चलन बंद करून, नवे नाणे तिथे पोहोचायच्या आत, त्याच नाण्यात कर मागणे हा दोष कर न भरणाऱ्याचा नाही, कर मागणाऱ्याचा आहे.

कायद्याच्या रचनेने हा दोष आणखी वाढवला. खेड्यातल्या भट्टीवर तिच्या मापाच्या प्रत्येक गॅलनमागे वर्षाला साठ सेंट लागत. जो वर्षभर भट्टी चालवतो त्याच्या दृष्टीने ही रक्कम प्रत्येक गॅलन दारूवर किरकोळ पडे. जो सुगीनंतर काही आठवडेच चालवतो त्याला ती जड जाई. आपण १७९२ मध्ये दर कमी केलेत आणि महिन्याच्या परवान्याची सोय दिलीत, त्याची नोंद घ्यायलाच हवी. पण रोकडीची अट तशीच राहिली. कर चुकवल्याचा खटला फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात चाले. म्हणजे थोडी रक्कम भरता न आलेल्या माणसाने ऐन हंगामात शेत सोडून, त्याहून कितीतरी पट खर्च करून डोंगर ओलांडायचा. जुलै १७९४ मध्ये अशीच समन्स बजावली गेली आणि बोवर हिलवर जॉन नेव्हिल यांचे घर जळले. ती जाळपोळ समर्थनीय नव्हती. नेव्हिल हे कराचे निरीक्षक होते आणि त्या भागातले मोठे उत्पादकही होते, हेही लोकांना दिसत होते.

हे मला परके वाटत नाही. आमच्या दख्खनमध्येही १८१८ नंतर शेतसारा रोखीत, ठरल्या तारखांना मागितला गेला. पीक विकले जाण्याआधी हप्ता भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारात गेला, आणि १८७५ मध्ये सुपे गावापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कर्जरोख्यांची होळी झाली. त्या दंग्यांची कारणे इतरही होती, पण रोकडीची सक्ती त्यांत होती. आपल्या मुलखात तर रोकड उसनी देणारा सावकारही जवळपास नव्हता.

उपाय आपल्या हाताशी होता. १७९२ मध्ये जनरल वेन यांचे सैन्य पिट्सबर्गला जमत होते, त्याच्या शिध्यात दारू होती आणि ती सरकारच विकत घेत होते. पिंपे मोजण्याची, दारूची तीव्रता तपासण्याची आणि पिंपांवर खूण करण्याची तरतूद आपल्याच कायद्यात होती. मग लहान भट्टीवाल्याचा कर ठरावीक भावाने व्हिस्कीतच, सैन्याच्या कोठारात का घेतला गेला नाही? सैन्यासाठी खरेदी होत होती आणि तिच्यातून पश्चिमेकडे पैसा जात होता हे खरे, पण तो आधी कंत्राटदारांच्या आणि बड्या उत्पादकांच्या हाती पडे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. १७९४ च्या घटनांचा निवाडा करताना आपल्या बाजूने कायद्याचे राज्य हा मुद्दा नेहमी मांडला जातो. त्यासोबत हेही नोंदवले जावे की पिट्सबर्गच्या कोठारात करापोटी पिंप स्वीकारण्याचा आदेश आपल्या खात्याला काढता आला असता, आणि तो निघाला नाही.

आपला,
दख्खनच्या महसूल-इतिहासाचा एक अभ्यासक