'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे काय?

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतल्या नोकरी-अर्जाच्या नमुन्याचा शेवट 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असा छापला आहे. तिथे 'हिअरिंग' हवे. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीला ही चूक सापडत नाही, कारण 'हिअर' हा शब्द म्हणून बरोबरच असतो.

गोंधळ 'टू'मुळे होतो. 'आय वाँट टू मीट यू' यातला 'टू' ही क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' मात्र प्रिपोझिशन आहे आणि त्याला पुढे नाम लागते. क्रियापदच आणायचे असेल, तर 'इंग' लावून त्याचे नाम करावे लागते. शंका आली की क्रियापद काढून तिथे 'इट' ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालते, म्हणून पुढे 'मीटिंग यू'. 'आय वाँट टू इट' चालत नाही, म्हणून 'टू मीट'. 'ऑब्जेक्ट टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'इन ॲडिशन टू' यांनाही हीच कसोटी लागू पडते.

सर्वांत फसवे 'यूज्ड टू'. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी रात्री काम करत असे, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट' म्हणजे रात्रपाळीची सवय आहे. रात्रपाळीच्याच जागेसाठी अर्ज करणाऱ्याने यांची अदलाबदल केली, तर काय होईल ते सांगायला नको.

'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' हेही सर्रास दिसते. तो 'फॉर' बहुधा 'वेट फॉर'मधून घुसतो. इथे 'टू'च हवा. 'आय लुक फॉरवर्ड' औपचारिक, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' जरा मोकळे, बरोबर दोन्ही. कर्ता गाळून नुसते 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' ओळखीच्या माणसाला चालेल, अर्जात पूर्ण वाक्य बरे. कर्ता गाळलेल्या या ओळीपुढे अनेकजण स्वल्पविराम देतात. जुन्या पत्रांत पुढे 'आय रिमेन, युवर्स फेथफुली' येत असे, तेव्हा तो योग्य होता. 'आय रिमेन' गेले, स्वल्पविराम उगाच राहिला.

या प्रयोगात आनंदाने वाट पाहणे अभिप्रेत असते. म्हणून कुणाच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना तो वापरू नये.

नमुना कापून ठेवणारे वाचक बरेच असतात. दुरुस्ती पुढच्याच अंकात, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक