आडवाटा नकाशात भरणाऱ्या अनामिकास

नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, तुम्ही एका टोपणनावाने काम करता, आणि तेही इथे लिहीत नाही. ज्याला पडद्याआड राहायचं आहे त्याला उगाच पुढे ओढू नये. पण शहराची वस्ती विरळ होऊन शेतं लागतात, त्या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक बारीक रस्त्याच्या बदलांचा इतिहास उघडला की तुमचंच टोपणनाव दिसतं. म्हणून हे पत्र उघडं. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच, नाही तर तुमच्यासारखं काम करणाऱ्या कुणीही ते आपलं समजावं.

आम्हा रोडबाइकवाल्यांची, म्हणजे बारीक टायरच्या सायकली चालवणाऱ्यांची, मागणी तशी साधी असते: डांबर बरं हवं आणि गाड्या कमी हव्यात. या दोन गोष्टी एकत्र क्वचित भेटतात. मोठा रस्ता गुळगुळीत, पण ट्रक कोपराला घासून जातात. छोटा रस्ता शांत, पण कोणत्या वळणावर डांबर संपून खडी सुरू होईल याचा नेम नाही, आणि २५ मिलिमीटरच्या टायरवर सुटी खडी म्हणजे निव्वळ शिक्षा. वाट दाखवणारी बहुतेक अ‍ॅप गाडीच्या डोक्याने विचार करतात. सायकलस्वारांच्या नोंदींवरून बनलेला हीटमॅप पाहावा, तर त्यात आधीच सगळे जातात तेच रस्ते उजळलेले असतात. अंधारातला रस्ता तिथे चिखल आहे म्हणून ओस पडलाय, की अजून कुणाला सापडलाच नाही, हे त्याला कसं कळणार? ते कळायला कुणीतरी वाट वाकडी करून तिथे जावं लागतं.

उपग्रहाच्या चित्रांवरून घरबसल्या रस्ते रेखाटणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा एवढा मोठा झाला त्यात त्यांचाही वाटा आहे. पण उंटावरून शेळ्या हाकल्या की काय होतं, ते झाडीखालच्या रस्त्यावर दिसतं. वरून हिरवा पट्टा आणि त्यात एक पुसट रेघ, एवढंच. ती डांबराची, मुरुमाची की नुसती चाकोरी, हे चित्रात उमटत नाही. तुमच्या नोंदीत ते उमटतं. ‘सरफेस’चा टॅग, म्हणजे रस्ता कशाचा आहे ते सांगणारी चिठ्ठी, तुम्ही जवळपास कुठेच रिकामा सोडलेला नाही. पाणंदींना ‘ट्रॅकटाइप’, म्हणजे वाट किती टणक याची श्रेणी, लावताना टणक असेल तिथे ग्रेड १, माती भुसभुशीत असेल तिथे ग्रेड ५, आणि मधल्या पायऱ्याही विचार करून दिलेल्या. एकच रस्ता तुम्ही चार तुकड्यांत तोडला आहे, कारण त्याचं डांबर खरोखरच चार ठिकाणी बदलतं. ‘सरफेस’चा टॅग नसला की मार्ग आखणारं सॉफ्टवेअर रस्त्याच्या वर्गावरून अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजाची किंमत सायकल खांद्यावर घेऊन मोजावी लागते.

‘स्मूदनेस’ म्हणजे रस्ता किती सपाट ते सांगणारा टॅग; त्याबद्दल नकाशा करणाऱ्यांत वाद असतात, ते मीही वाचले आहेत. एकाला चालेलसा वाटणारा रस्ता दुसऱ्याचे दात हलवतो. पण त्या टॅगच्या आठ पायऱ्या कोणतं चाक तिथून जाऊ शकेल यावर बेतलेल्या आहेत, आणि तुम्ही त्या तशाच वापरल्या आहेत. बारीक टायर जाईल तिथे ‘गुड’, जाड टायरशिवाय निभाव नाही तिथे ‘बॅड’. त्या नोंदींवर विसंबून मी मार्ग आखते आणि आजवर त्यांनी मला तोंडघशी पाडलेलं नाही.

मात्र माझे सर्वांत मोठे आभार न जोडलेल्या दोन रस्त्यांसाठी आहेत. चित्रात ते एकमेकांना भिडलेले दिसतात. घाईतल्या कुणीही ते जोडून टाकले असते, आणि तिथून सुंदर गोल फेरी तयार झाली असती, फक्त कागदावर. प्रत्यक्षात मध्ये खोल चर आहे, पलीकडे जायला साकवसुद्धा नाही. या नकाशात दोन रेषांना सामाईक बिंदू नसेल तर सॉफ्टवेअर एकीवरून दुसरीवर नेत नाही. तुम्ही तो बिंदू दिला नाही, आणि बदलाच्या शेऱ्यात लिहिलंत की मध्ये चर आहे, कृपया जोडू नका. तुमच्याआधी कुणीतरी जोडलेले होते, हेही इतिहासात दिसतं. ती जोडणी तोडायला तुम्ही मुद्दाम तिथवर गेला असाल.

दुसरी गोष्ट ओढ्यावरच्या अरुंद पुलाची. पुलाच्या तोंडाशी रोवलेले खांब तुम्ही ‘बोलार्ड’ म्हणून नोंदवले. नकाशात तो एक ठिपका आहे, पण त्या ठिपक्यामुळे ही माहिती वापरणारं सॉफ्टवेअर सहसा गाड्यांना त्या बाजूने पाठवत नाही आणि सायकलला खुशाल जाऊ देतं. शहराच्या कडेचे रस्ते गजबजतात ते बहुतेकदा असेच: हमरस्ता तुंबला की अ‍ॅप एखादी आडवाट सुचवतं, मग सगळेच त्या वाटेला लागतात. जिथून आरपार जाता येत नाही, तिथे गाडीला कामच नसतं. शांत रस्ता शोधायचा असेल तर गाडीसाठी बंद आणि सायकलसाठी खुली अशी टोकं शोधावीत, हे मी तुमचे ठिपके पाहत पाहत शिकले. हमरस्त्याला समांतर जाणारा जुना रस्ताही तसाच. नवा झाला की सगळी वर्दळ तिकडे निघून जाते आणि जुना आपल्याला उरतो.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं असतं की असे रस्ते सांगूच नयेत, सांगितले की बिघडतात. मला ते पटत नाही. पाच-दहा सायकली जास्त आल्याने रस्त्याची शांतता जात नाही, गाड्यांनी जाते. आणि गाड्यांना अडवायला लपवाछपवीपेक्षा तुमचा खरा ठिपका जास्त उपयोगी पडला आहे. बेल्जियमच्या लिंबर्गमध्ये तर १९९५ साली सायकलच्या शांत वाटांना चक्क क्रमांकांचे फलक लावले. प्रत्येक चौकाला एक आकडा, आकड्यांची माळ लक्षात ठेवायची आणि निघायचं. पुढे नेदरलँड्सनेही तेच केलं. लपवून ठेवण्याच्या नेमकं उलट!

चढांचे आकडे हा मात्र तुमच्या हातातला विषय नाही. या नकाशात रस्त्यांच्या उंचीची माहिती सहसा नसते. मार्ग आखणारी अ‍ॅप ती दुसरीकडून घेतात, बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरून रडारने झालेल्या मोजणीतून. तिची बारकाई साधारण ३० मीटरची, त्यामुळे पूल आला की अ‍ॅपच्या हिशेबात आपण ओढ्यात उतरून पुन्हा वर येतो. तरी त्या एका फसव्या चढाला तुम्ही ‘इनक्लाइन’ लावून १२ टक्के लिहून ठेवलेत: शंभर मीटर गेलं की बारा मीटर वर. तो झाडीमागून अचानक समोर येतो आणि वळणाआधीच हलका गिअर टाकला नाही तर उतरून ढकलावं लागतं. एवढ्याशा चढासाठी कोण थांबून नोंद करतं? तुम्ही केलीत.

आता थोडं कामाचं. कालव्याकडेचा जो तुकडा तुम्ही ‘बॅड’ म्हणून नोंदवला होता, त्यावर आता नवं डांबर पडलं आहे. मी तो बदलून ‘गुड’ केला आहे. अगदी शेवटच्या वळणावर अजून खडी आहे, म्हणून तेवढा भाग तोडून तसाच ठेवला. शेऱ्यात तारीख आणि कारण लिहिलं आहे. रेल्वे फाटकापलीकडच्या दोन पाणंदींना अजून ‘सरफेस’ नाही; तिथली जमीन वाळली की मी जाऊन भरते, तुम्ही हेलपाटा घालू नका. माझ्या नोंदीत काही खटकलं तर बेलाशक परत फिरवा, फक्त शेऱ्यात एक ओळ टाका म्हणजे मलाही कळेल.

तुमची ऋणी,
तुमच्याच रेषांवरून फिरणारी एक सायकलस्वार