प्लॉट विकत नाहीये, आणि येताना सोनं आणू नका

प्रिय आई-बाबा,

ईमेल आहे पण पत्र समजूनच वाचा, आणि बाबा, आईला नुसता सारांश सांगू नका, पूर्ण वाचून दाखवा.

परवा फोनवर बाबा परत म्हणाले की जळालेल्या घराचा प्लॉट विकून मोकळे व्हा, आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला कारण छोटी शेजारीच बसली होती, घराचा विषय निघाला की ती रात्री उठून खिडकीशी जाते आणि वारा सुटलाय का ते बघते. पण खरं सांगायचं तर आता बघण्यासारखं काही उरलं नाहीये, आमचं ठरलंय. विकत नाही.

बाबांची भीती खोटी आहे असं मी म्हणतच नाही. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सहानंतर आमच्या अल्टाडिनाजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये आग लागली, सांता आना वारे, म्हणजे डोंगराकडून येणारे ते कोरडे वारे, असे सुटले होते की पाणी टाकणारी विमानंसुद्धा उडवता येईनात, आणि त्यात १९ माणसं गेली, ९,४०० च्या वर इमारती गेल्या. लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला, म्हणजे आमच्या बाजूला, घर सोडायचा आदेश आला तेव्हा पहाटेचे जवळपास साडेतीन झाले होते आणि मेलेली बहुतेक माणसं त्याच बाजूची. आम्ही आधीच निघालो होतो ते केवळ धुराच्या वासाने. डोंगर तिथेच आहे, वारेही दरवर्षी येणार. म्हणून नवीन घराला छपराखालच्या सगळ्या झरोक्यांना बारीक जाळी, भिंतीपासून पाच फुटांत झाड नाही, लाकडी कुंपण नाही, असं सगळं तुमचे जावई रात्री बारा वाजेपर्यंत बसून वाचत असतात, त्यांना आता त्यातलं आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतं असं त्यांचं मत आहे.

आता मूळ मुद्दा, तुम्ही काय आणायचं. आई, तू पाटल्या मोडून मला काहीतरी करणार आहेस हे मला ताईकडून कळलंय. प्लीज नको. सांगते का ते.

इन्शुरन्सवाल्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी मागितली होती, एक एक्सेल शीट, वस्तू काय, किती जुनी, तेव्हा कितीला घेतली, आज नवीन घेतली तर कितीला. कढया लिहिल्या, मिक्सर लिहिला, पडदे लिहिले, मंगळसूत्रसुद्धा बिलासकट लिहिलं आणि डोळ्यांतून टिपूस नाही. मग आली आजीची गोधडी. रकाना एक, कॉटन क्विल्ट. रकाना दोन, साधारण चाळीस वर्षं. रकाना तीन, काय लिहू? आजीच्या दोन लुगड्यांची आणि तुझ्या त्या निळ्या वॉयलच्या साडीची, शून्य रुपये? चौथा रकाना तर विचारूच नकोस. मी ती ओळ तशीच सोडली आणि शीट पाठवून दिली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरने ती अपूर्ण आहे म्हणून परत पाठवली. शेवटी डिलीट केली ती ओळ. सगळ्या भानगडीत मी रडले ती त्याच दिवशी.

आणि इथे सगळ्यांचंच तसं झालंय. सुरुवातीला मदत म्हणून वस्तूंचे इतके डोंगर आले, कपडे, खेळणी, टॉवेल, नवीन टॅगसकट, देणाऱ्यांचे उपकारच आहेत, पण भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवायचं कुठे? म्हणून आमच्या जुन्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं (हो, गल्ली नाहीये पण ग्रुप चालू आहे, आणि भांडणंही पूर्वीसारखीच) की यंदा ख्रिसमसला दुकानातलं काही द्यायचं नाही, हाताने केलेलंच द्यायचं. एकाने वाऱ्यात पडलेल्या ओकच्या फांदीच्या चकत्या कापून ट्रीवर लावायला गोळे केलेत, म्हणजे गोळे कसले, चपट्याच आहेत, पण प्रत्येकावर ज्याचा त्याचा जुना घरनंबर कोरलाय. दोघीतिघी टोप्या विणतायत. एकजण म्हणाला मला काही येत नाही, मी सगळ्यांच्या लेकरांच्या सायकली दुरुस्त करतो, तेही चालेल म्हटलं.

आपल्या समोरच्या आजी आठवतात ना, तुला लिंबं द्यायच्या त्या? त्यांच्या आईवडिलांनी ते घर घेतलं त्या काळात काळ्या लोकांना आसपासच्या कित्येक वस्त्यांमध्ये घर घेऊच देत नसत, पश्चिम अल्टाडिनात मिळत होतं, म्हणून ती सगळी कुटुंबं तिथे आली आणि टिकली. त्यांचं घर पूर्ण गेलं, उभी राहिली फक्त धुराड्याची विटांची भिंत, आणि तिच्या फायरप्लेसला शंभरेक वर्षांपूर्वीच्या बॅचेल्डरच्या टाइल्स. अर्नेस्ट बॅचेल्डर म्हणून पासाडेनाचे कारागीर होते, हाताने टाइल्स बनवायचे, चकाकी नसलेल्या, मातकट रंगाच्या, वेली, मोर, जहाजं असली नक्षी. मुळातच भट्टीत भाजलेल्या म्हणून आगीतून निभावल्या. पण ढिगारा उचलायला आर्मी कोअरचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांचे, बुलडोझर आले की त्या गेल्याच असत्या, तर 'सेव्ह द टाइल्स' नावाचा स्वयंसेवकांचा गट आणि त्यांच्याबरोबर काही गवंडी घरोघरी फिरले आणि छिन्नीने एकेक टाइल सोडवून ज्याची त्याला परत दिली, फुकट. आजींनी मला त्यांची एक हातात दिली, कडेला काजळी अजून आहे, कितीही पुसली तरी बोटाला काळं लागतं, आणि मधली वेल अगदी शाबूत. म्हणाल्या, घर बांधीन तेव्हा हिच्यापासून सुरुवात करीन. ऐंशीच्या पुढच्या आहेत त्या, बाबा. त्यांच्या प्लॉटवर पाटी आहे, 'अल्टाडिना नॉट फॉर सेल'. त्यांच्या समोर राहून मी कुठल्या तोंडाने विकू?

सगळेच असे नाहीत, हेही लिहिते. कोपऱ्यावरच्यांनी विकलं आणि गेले, मुलं लहान, इन्शुरन्स अपुरा, त्यांना कोणी नावं ठेवत नाही, निदान मी तरी नाही.

तुम्ही याल तेव्हा ख्रिसमस ट्री लेनवर जाऊ. सांता रोझा अ‍ॅव्हेन्यू, दोन्ही बाजूंना देवदार, अगदी आपण मनालीला बघितले तेच, १८८० च्या दशकात बियाण्यापासून वाढवून लावलेले, आणि १९२० पासून डिसेंबरात त्यांच्यावर दिवे लावतात. आसपासची कितीतरी घरं गेली पण देवदार बहुतेक वाचले. दिव्यांच्या माळा चढवायचं काम स्वयंसेवकच करतात, ह्यावर्षी आम्हीही जातो, तुमच्या जावयांनी दोरी ओढायची आणि मी खालून सूचना द्यायच्या, नेहमीसारखंच.

दिवाळीत मी छोटीला घेऊन आकाशकंदील करायला बसले होते. कामट्या बांधेपर्यंत ठीक होतं, मग चौकोन काही जुळेना, शेवटी जो झाला त्याला बघून ती म्हणाली आई, हा बसलाय का झोपलाय? तरी प्लॉटच्या जाळीच्या गेटवर लावला, बॅटरीचा दिवा घालून, आणि जाणारे-येणारे थांबून विचारायला लागले, आता चार घरच्यांना तसला हवाय. म्हणून बाबा, तुमची ती मापं हवीत, डोंबिवलीच्या गॅलरीत दरवर्षी कराल तो मोठ्ठा, करंज्या लावलेला, झिरमिळ्यांचा. कामट्या इथे मिळतात, त्या आणू नका, एअरपोर्टवर झाडपाल्यावरून कटकट होते. जिलेटिन पेपर आणा, लाल आणि पिवळा जास्त. खळ इथे मैद्याची करू.

आणि आई, तुझ्या जुन्या सुती साड्या आण, धुऊन मऊ झालेल्या, फाटक्या असल्या तरी चालतील, उलट फाटक्याच आण. गोधडी तिथे शिवून आणू नकोस. इथे सतरंजी टाकून बसू, तू, मी, छोटी आणि समोरच्या आजी, त्या क्विल्ट करतात आणि चौकटीशिवाय नुसता धावदोरा घालून एवढं मोठं कसं शिवतात हे त्यांना बघायचंच आहे. सुया मोठ्या नेढ्याच्या आण, तुला आता ओवता येत नाही हे मला माहितेय, उगाच नाही म्हणू नकोस.

बाबांच्या शुगरच्या गोळ्या हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पाटल्या तुझ्या हातातच राहू दे. प्लॉटवर नेईन दोघांना, पण बाबा, बूट घालून यायचं, चपला नाही, ढिगाऱ्यासोबत वरची सहा इंच माती नेली तरी खिळे सापडतातच.

तुमची,
मनू