तुझ्या गाडीवरून, वरंधमार्गे

पुणे, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप येऊन बारा दिवस झाले. "गाडीला गिऱ्हाईक बघ, नुसती उभी राहून सडण्यापेक्षा बरं," एवढंच लिहिलं होतंस. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं. आज दिवसभर तुझी गाडी चालवून आत्ताच घरी आलोय. मनगटं अजून झिणझिणतायत, पण हे आजच लिहायचं असं ठरवूनच बसलोय.

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी गाडी एकदा लांबवर पळवून बघावी, म्हणून निघालो. निदान घरी तरी तसं सांगितलं. दसऱ्याला आपल्या दोन्ही गाड्यांची पूजा केली होती. तुझ्या हँडलचा झेंडूचा हार वाळून गेला होता, तो सोडवला. चेनला तेल दिलं, हवा बघितली आणि साडेपाचला बाहेर पडलो. वाट आपलीच, नेहमीची: कापूरहोळवरून भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि वाईवरून परत. तू नागपूरला गेल्यापासून या फेरीला मी गेलोच नव्हतो. महिन्यातून एकदा गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढंच चालू होतं.

भोरमध्ये पोहे आणि दोन कप चहा घेतला. पुढे निगुडघर, हिरडोशी. नीरा-देवघरचं धरण काठोकाठ भरलंय. तुला आठवतं ना, रस्ता पाण्याच्या कडेनं किती वेळ चालतो ते? डोंगराची सोंड पाण्यात उतरते, तसा रस्ता तिला वळसा घालून आत शिरतो, ओढ्यावरचा पूल ओलांडतो आणि पुन्हा बाहेर येतो. दहा मिनिटांपूर्वी जिथं होतो ती जागा पाण्यापलीकडे समोरच दिसत असते. सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं आणि गाडीचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येत होता. तिथं मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. पूर्वी इथं आपण शर्यत लावायचो. आता वाटतं, त्या वयात आपण हे पाणी कधी बघितलंच नव्हतं.

वाघजाईला थांबलो. देवीला नमस्कार केला, कांदाभजी खाल्ली. माकडं तशीच आहेत, सीटवरची पिशवी उचलायला टपलेली. कठड्याशी उभं राहून खाली शिवथरचं खोरं बघितलं. कापणीला आलेल्या भाताचे पिवळे तुकडे आणि मधून जाणारी वाट, एवढंच दिसत होतं. निघालो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर क्लच दाबला, तर लिव्हर सैल होऊन थेट मुठीला टेकली. वायर तुटली होती.

वरती डोंगर, खाली दरी आणि मी एकटा. खरं सांगतो, पोटात गोळा आला. आणि त्याच क्षणी तुझं बोलणं कानात वाजलं. कात्रजच्या जुन्या घाटात तू मला अख्खा एक दिवस क्लचला हात न लावता गाडी चालवायला लावली होतीस. मी वैतागलो होतो. "कधीतरी उपयोगी पडेल तुला," म्हणाला होतास.

एक्सलेटर सोडला. इंजिनवरचा ताण गेला की गिअर पायाच्या नुसत्या टिचकीनं सुटतो, तसा सुटला. न्यूट्रल करून गाडी कडेला घेतली. पाच मिनिटं बसलो, पाणी प्यायलो. मग इंजिन चालू ठेवून ब्रेक हळूच सोडला, उतारावर गाडी आपणहून गडगडू दिली आणि वेग जरा आल्यावर दुसरा गिअर टाकला. खट्ट आवाज झाला, एक झटका बसला आणि इंजिननं गाडीला धरलं. त्यानंतर खालच्या वरंध गावापर्यंत दुसरा गिअर सुटू दिला नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे तुझं वाक्य मी इतकी वर्षं नुसतं पाठ केलं होतं. आज ते हातापायांना कळलं. इंजिन गाडीला मागं ओढून धरत होतं, ब्रेकला फक्त वळणाच्या तोंडाशी हात लावावा लागत होता. दोन्ही ब्रेक शेवटपर्यंत थंड होते, खाली उतरल्यावर हात लावून बघितलं.

आणि नजर. "चाकाकडे बघू नकोस, वळण जिथं संपतं तिथं बघ," असं तू मागच्या सीटवरून ओरडायचास. जिकडं नजर तिकडं गाडी. आज थांबायची सोयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक वळणाचं पलीकडचं टोक मी इतकं निरखून बघितलं की अजून डोळे मिटले तरी ती वळणं दिसतायत. एका ठिकाणी वरून माती येऊन अर्ध्या रस्त्यावर पसरली होती. ती लांबूनच दिसली म्हणून वाचलो.

बिरवाडीत एक मेकॅनिक भेटला, आंब्याच्या झाडाखाली टपरी, विशी-बाविशीचा मुलगा. माझ्याजवळ जादा वायर नव्हती. ती चूक माझीच, तू कधी तसा निघाला नसतास. "या गाडीची वायर महाडात बघावी लागेल," म्हणत त्यानं सीट काढली, टाकी उचलली आणि थांबला. "दादा, ही काय, दुसरी वायर टाकलेलीच आहे की!"

मी वाकून बघितलं. जुन्या वायरीला लागून, हँडलपासून इंजिनापर्यंत, दुसरी कोरी वायर. तीन ठिकाणी काळी टेप मारलेली. दोन्ही टोकांना दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला. त्यानं दोरा कापला, तर आत ग्रीस, अजून ओलसर. इतकी वर्षं ती टाकीखाली तशीच होती आणि मला पत्ता नव्हता. तू कधी बोलला नाहीस रे. मेकॅनिकनं टोकं जोडली, वरून तेलाचे चार थेंब सोडले, लिव्हर चार-पाचदा दाबून बघितली. दहा मिनिटांचं काम. "ज्यानं टाकलीय तो माणूस लांबचा फिरणारा दिसतोय," म्हणाला. मी नुसती मान हलवली. घशाशी काहीतरी दाटून आलं होतं. पन्नास रुपये घेतले त्यानं, त्याच्या वर एक रुपया घ्यायला तयार नव्हता.

महाडात तुझ्या पद्धतीनं आधी चवदार तळं, मग जेवण. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथं ओंजळ भरली, त्या पाण्याशी दोन मिनिटं उभं राहिल्याशिवाय तू मला कधी जेवू दिलं नाहीस. आजही कुणीतरी आपल्या लहान मुलीला पायरीवर उभं करून ते सगळं सांगत होतं. जेवणात बांगडा होता, ताजा.

पुढं महामार्गावर सावित्रीचा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल गाड्यांसकट पुरात गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात आपण त्यावरून गेलो होतो. नव्या पुलावर आजही हात आपोआप सैल होतो.

पोलादपूरला डावीकडं वळलो आणि आंबेनळी सुरू झाला. यंदा मी पहिल्यांदाच हा घाट नदीच्या बाजूनं बघितला. म्हणजे असं, की सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. आपण खालून वर जातो ते तिच्या उगमाकडं जातो. खाली ती रुंद आणि गढूळ, वर जाऊ तशी लहान होत जाते आणि मग झाडीत कुठंतरी नुसता आवाज उरतो. सकाळी जिच्या काठानं आलो ती नीरा पूर्वेला भीमेला मिळते आणि भीमा पुढं कृष्णेला. संध्याकाळी वाईला मला कृष्णाच भेटणार होती. एका दिवसात आपण, जिथून पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला फुटतं, ती डोंगराची धारच दोनदा ओलांडतो, एकदा वरंधला उतरताना आणि एकदा आंबेनळी चढताना. इतक्यांदा गेलो, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

घाटात २०२१ च्या खुणा अजून दिसतात. २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता, पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या जवळ जाईल इतका. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. आज खाली त्याच तालुक्यात भाताची कापणी चालू होती. बायका विळे घेऊन ओळीनं वाकलेल्या, बांधावर भारे रचलेले. रस्त्यावरून जाताना तो कापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता.

एका अरुंद वळणावर वरून लालपरी आली. मला बघून ड्रायव्हरकाकांनी गाडी वरच थांबवली, खिडकीतून हात काढून "ये ये" केलं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम पाळणारी माणसं अजून आहेत. माझ्या मागं लागलेल्या एका मोटारीला मात्र तेवढाही धीर नव्हता, आंधळ्या वळणावर ती मला कापून पुढं गेली. घाटात जीव जातात ते अशा घाईनं. मी कडेला घेतली आणि जाऊ दिली.

प्रतापगडावर गेलो नाही, वेळ नव्हता. खालून बुरूज बघितला. १० नोव्हेंबर १६५९ ला ही सगळी झाडी किती दाट असेल आणि तिच्यात दबा धरून बसलेली माणसं किती गप्प असतील, हे तिथं दर वेळी मनात येतंच.

महाबळेश्वराच्या बाजारात इतकी गर्दी, की न थांबता क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी ओंजळीत घेतलं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. पुराणात काय आहे ते असो, पण सावित्री इथून शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीला मिळते आणि कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्रात जाते, हे एका जागी उभं राहून मनात आणलं की मला गप्पच व्हायला होतं. येताना वाफ्यांवर स्ट्रॉबेरीची रोपं लावणं चालू होतं. पसरणीच्या घाटात ऊन कलतं होतं आणि धोमचं पाणी तांब्यासारखं दिसत होतं. तिथं दोन मिनिटं इंजिन बंद करून बसलो. वाईपासून पुढचा महामार्ग म्हणजे नुसतं अंतर कापणं. साडेआठला घरी. एकूण ३२० किलोमीटर.

आता गाडीचं. पुढच्या रविवारी एक मुलगा बघायला येणार आहे. चांगला वाटला बोलायला. मी अजून त्याला भाव सांगितलेला नाही. मला ही गाडी विकायची नाही, हे तुला सरळ सांगतो. गाडी तुझी आहे, पैशांची अडचण असेल तर तितके पैसे मी देतो. गाडी इथंच राहील, तुझ्याच नावावर. तुला वेळ होत नाही हे मी ऐकलं आणि मानतोही. पण वेळ नाही म्हणून विकू नकोस. दर महिन्याला मी तिला घाटात नेईन, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नाही. शनिवारपर्यंत कळव म्हणजे त्या मुलाला तसं सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईंचा गुडघा आता कसा आहे?

तुझाच

ता. क. महाडात एक नवी क्लच वायर घेतली होती. पत्र लिहायला बसण्याआधी पार्किंगमध्ये जाऊन ती टाकीखाली, आता चालू असलेल्या वायरीला लावून टाकली. तीन ठिकाणी टेप, टोकांना ग्रीस आणि वरून दुधाच्या पिशवीचा तुकडा.