ताकायामा उकोन यांच्यावरही लिहावे

मा. संपादक,
स. न.

सामुराई म्हटले की आपल्याकडच्या लेखांत तलवार, हाराकिरी आणि धन्यासाठी पत्करलेले मरण एवढेच येते. ताकायामा उकोन या जपानी ख्रिस्ती सरदाराबद्दल मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये जपानमध्ये कागोशिमाला उतरले. त्यानंतर तीनच वर्षांनी उकोन जन्मले. वडिलांपाठोपाठ लहानपणीच त्यांचा बाप्तिस्मा झाला, नाव मिळाले जुस्तो. १५७३ मध्ये क्योतो आणि ओसाका यांच्या मधला ताकात्सुकीचा किल्ला त्यांच्या ताब्यात आला.

गोरगरिबांची प्रेते वाहण्याचे काम त्या काळी हलक्या समजल्या गेलेल्या लोकांवर टाकलेले असे. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या पत्रांत नोंद आहे की, ताकात्सुकीत एक गरीब ख्रिस्ती माणूस वारला तेव्हा उकोन आणि त्यांच्या वडिलांनी स्वतः खांदा दिला. किल्ल्याचा धनी आपल्या रयतेतल्या दरिद्री माणसाच्या प्रेताला खांदा देतो, हे त्या समाजात केवढे धाडस असेल, ते जातीपातीच्या आपल्या देशात समजावून सांगायला नको. मला तर त्यांच्या सगळ्या लढायांहून हे मोठे वाटते.

१५७८ मध्ये त्यांचे वरिष्ठ अराकी मुराशिगे यांनी तेव्हाचा सर्वांत बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्याविरुद्ध बंड केले. उकोन यांची बहीण आणि मुलगा अराकींकडे ओलीस होते. इकडे नोबुनागाने धमकावले की, किल्ला दिला नाहीस तर पाद्र्यांचा जीव जाईल. उकोन यांनी शेंडी कापली, अंगावर कागदी वस्त्र घातले आणि जहागिरीवर पाणी सोडून ते एकटे नोबुनागासमोर गेले. वडील अराकींकडे गेले. ओलीस वाचले.

पुढे त्यांना आकाशीची मोठी जहागीर मिळाली. पण १५८७ मध्ये, नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने फर्मावले, धर्म सोड नाही तर जहागीर. उकोन यांनी जहागीर सोडली, बंड केले नाही. कानाझावाच्या माएदा घराण्याने आसरा दिला, तिथे त्यांची सुमारे पंचवीस वर्षे गेली. चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांच्या प्रमुख शिष्यांत त्यांची गणना होते. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर म्हातारपणी कुटुंबासह त्यांना नागासाकीहून जहाजात चढवले गेले. मनिलात स्पॅनिश गव्हर्नरने मोठा सन्मान केला, पण जेमतेम दीड महिन्यात, फेब्रुवारी १६१५ मध्ये, तापाने त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये ओसाकात त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

आम्हा वसईकरांना याच काळातले गोन्सालो गार्सिया ठाऊक आहेत. वसईत जन्मलेल्या या संताला १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर चढवले गेले, तेही हिदेयोशीच्याच हुकमाने. दोघांची कहाणी एकत्र सांगण्यासारखी आहे.

उकोन यांचा स्मरणदिन ३ फेब्रुवारी, गोन्सालोंच्या हौतात्म्याचा ५ फेब्रुवारी. येत्या फेब्रुवारीत आपल्या रविवार पुरवणीत जाणकाराकडून दोघांवर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती. उकोन यांच्या अमलात ताकात्सुकी भागातली बौद्ध आणि शिंतो देवस्थाने पाडली गेली, हेही त्या लेखात स्पष्ट यावे. त्यांच्याबद्दल मला कितीही आदर असला तरी ते झाकून ठेवणे बरोबर नाही.

आपला,
एक वाचक, वसई